पानावरचा करपा दिसतो, घरातला दिसत नाही



या पानावरून मी आपल्याशी बोलतो तो भाताच्या रोपांविषयी, नत्राच्या हप्त्यांविषयी, वालाच्या बियाण्याविषयी. आज थोडे वेगळे बोलणार आहे. विषय माणसाच्या मनाच्या आजाराचा आहे. मी डॉक्टर नाही, शेतकीचा पदवीधर आहे आणि पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी हयात गेली. तरीही हे लिहितो आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती चूक आपल्याकडे घरोघर होते. माझ्या चुकीतून चार घरे शहाणी झाली तर मला बरे वाटेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खालापूर तालुक्यातल्या एका गावी भाताची पाहणी करायला गेलो होतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. अडीच एकर भाताचे घर. शेतकऱ्याने मला बांधावर नेले आणि करपलेली पाने दाखवली. हा करपा की कडा करपा, हे मला तिथे नक्की सांगता येईना. मी चार पाने कागदात गुंडाळली, कर्जतच्या भात संशोधन केंद्रात नेऊन दाखवली आणि तिसऱ्या दिवशी औषध सांगायला परत गेलो.

निघताना तो शेतकरी हळूच म्हणाला, "साहेब, आणखी एक विचारू? थोरलं पोरगं बिघडलंय. खोपोलीच्या कारखान्यात चांगलं कामाला होतं, ते सोडलं. रात्र रात्र जागतं, एकटंच बोलतं. शेजाऱ्यानं जेवणात काही कालवलं म्हणून ताट ढकलून देतं. काय करू?"

मी मोटरसायकलला किक मारता मारता म्हणालो, "रिकामं डोकं आहे, दुसरं काय! सकाळी उठवून चिखलणीला जुंपा. नाहीतर लग्न उरकून टाका, आपोआप ताळ्यावर येईल."

चार पानांसाठी मी कर्जतपर्यंत धावलो, आणि एकवीस वर्षांच्या मुलासाठी गाडीवरून पायदेखील खाली टेकला नाही. साहेबांनी सांगितले म्हणून बापाने त्याप्रमाणे केले. रोज पहाटे ओरडून उठवणे, चारचौघांत बोलणे, एकदोनदा हात उगारणे. भाद्रपदात मुलगा घरातून निघून गेला तो परतलाच नाही. आईने गणपतीचा नैवेद्य त्याच्या वाटणीचा काढून झाकून ठेवला होता, हे मला पुढे कळले.

कर्जतच्या वाटेवरचे एक घर

असा निघून गेलेला मुलगा कोठे जातो? गाडीत बसतो. कोठल्या तरी स्टेशनावर उतरतो. त्याला गावाचे नाव आठवत नाही, किंवा आठवले तरी सांगायची भीती वाटते. कपडे फाटतात, केसांच्या जटा होतात. लोक त्याला "वेडा" म्हणतात आणि बाजूने निघून जातात. प्रत्येक मोठ्या रस्त्यावर असा एखादा माणूस आपण पाहिलेला असतो. तो कोणाच्या तरी घरून आलेला असतो, हे मात्र आपल्या मनात येत नाही.

हे ज्यांच्या मनात आले त्यांचे काम आपल्याच कर्जत तालुक्यात, वेणगावाकडे चालते. मानसोपचार तज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी. १९८८ साली मुंबईत त्यांना रस्त्यावर एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेले, आंघोळ घातली, उपचार केले. बरा होऊ लागल्यावर तो बोलू लागला, तेव्हा कळले की तो वैद्यकीय प्रयोगशाळेचे शिक्षण घेतलेला, आंध्र प्रदेशातील एका जिल्हा परिषद अधिकाऱ्याचा मुलगा आहे. बापाला कळवले, बाप येऊन घेऊन गेला.

त्यातूनच श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. आधी बोरिवलीत दोन-तीन रुग्णांची सोय होती, मग दहिसरला वीस खाटा झाल्या. २००६ सालापासून कर्जतचे मोठे केंद्र सुरू आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचे, उपचार करायचे, बोलू लागला की गावाचा ठावठिकाणा काढायचा आणि संस्थेच्या माणसाने सोबत जाऊन त्याला घरी पोचवायचे, अशी ही पद्धत. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोपर्यंत सात हजारांहून अधिक माणसे अशी आपापल्या घरी पोचली होती.

सात हजार या आकड्यावर जरा थांबा. ज्यांना आपण "कायमचा गेला" असे समजत होतो, अशी ही माणसे. त्यातल्या बहुतेकांना लागले काय? औषध, अन्न, झोप आणि माणसासारखे बोलणारे कोणीतरी. यातले औषध डॉक्टर देतो. बाकीचे तीन आपल्या घरात असतात. म्हणूनच माणूस घर सोडून जाण्याआधी आणि घरी परत आल्यावर घराने आणि गावाने काय करावे, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचा अभ्यास आपल्या देशात झालेला आहे, आणि त्यात नर्सबाईंचा मोठा वाटा आहे.

बंगळूरची घरोघर जाणारी नर्स

बंगळूरला निमहान्स नावाची मनाच्या आणि मेंदूच्या आजारांची राष्ट्रीय संस्था आहे. १९८० च्या सुमारास तेथे शैला पै आणि डॉ. आर. एल. कपूर यांनी एक साधा प्रश्न विचारला. असा रुग्ण इस्पितळात ठेवणे चांगले, की घरी ठेवून नर्सने घरी जाऊन पाहणे चांगले?

त्यांनी छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया या आजाराच्या रुग्णांचे दोन गट केले. प्रत्येकी सत्तावीस. एका गटाला नेहमीप्रमाणे इस्पितळात भरती केले. दुसऱ्या गटाला घरीच ठेवले आणि शिकवून तयार केलेली नर्स ठरावीक दिवसांनी त्यांच्या घरी जाऊ लागली. औषध घेतले का ते पाही, घरच्यांना आजार समजावून सांगे, त्यांच्या अडचणी ऐकून घेई. सहा महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा घरी राहिलेल्यांची प्रकृती अधिक चांगली निघाली, घरच्यांवरचा भार पुष्कळ कमी झालेला आढळला आणि खर्चही कमी आला. हे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ इस्पितळ वाईट असा नव्हे. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, अन्नपाणी सोडले असेल, तर इस्पितळच हवे. पण पुढची वर्षे घरातच काढायची असतात, आणि घराला कोणी शिकवले तर घर ते काम करू शकते, हे त्या अभ्यासाने दाखवले.

घरावर पडणारा भार

याच दोघांनी १९८१ साली आणखी एक गोष्ट केली. अशा घराला किती सोसावे लागते, हे मोजण्यासाठी प्रश्नांची यादी तयार केली. त्यात भाराचे सहा प्रकार आहेत. आपल्या भाषेत आणि आपल्या उदाहरणांनी ते सांगतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना ते पटकन ओळखू येतील.

पहिला भार पैशाचा. कमावता हात थांबतो, वर औषधपाणी, भगत, नवस, गाडीभाडे. दुसरा भार रोजच्या कामाचा. लावणीच्या दिवसांत एका माणसाला घरी राखण बसावे लागते, म्हणजे मजूर लावा. तिसरा भार विरंगुळ्याचा. जत्रा नाही, लग्नकार्य नाही, माहेरपण नाही. चौथा भार घरातल्या संबंधांचा. "तुझ्या माहेरचं रक्त" असे सासू सुनेला म्हणते, भाऊ वेगळे निघू म्हणतात, सोयरिकी मोडतात. पाचवा भार शरीराचा. आईला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. आणि सहावा भार घरातल्या इतरांच्या मनावरचा. रुग्णाला सांभाळणारी बाई स्वतःच खचत जाते आणि तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते.

पुढे कोणी अशा घरात गेलात तर रुग्णाची चौकशी करून थांबू नका. "वहिनी, तुमची झोप होते का?" एवढे विचारा. घरावरचा निम्मा भार कोणी विचारत नाही म्हणून वाढलेला असतो.

घरातली जीभ

आता एक नाजूक मुद्दा. हा वाचून कोणी मनाला लावून घेऊ नका.

स्किझोफ्रेनिया घरच्यांमुळे होत नाही. आईच्या वळणाने होत नाही, कोणाच्या करणीने होत नाही. तो मेंदूचा आजार आहे. बहुधा पंधरा ते तीस या ऐन उमेदीच्या वयात सुरू होतो. पण औषधाने माणूस सावरल्यावर आजार पुन्हा उलटतो की नाही, यात घरातल्या बोलण्याचा हात असतो. लंडनमध्ये इस्पितळातून घरी परतलेल्या रुग्णांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सतत टोचून बोलणे, तिरस्कार किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी होती, तेथे नऊ महिन्यांत शंभरातले एक्कावन्न रुग्ण पुन्हा आजारी पडले. ज्या घरांत शांत वागणूक होती, तेथे शंभरातले तेराच.

पुढे हाच अभ्यास आपल्याकडे चंदिगडला, तेथील शहरातल्या आणि खेड्यांतल्या घरांत केला. १९८७ साली तो प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये असे टोचून बोलणारे नातेवाईक निम्म्याच्या आसपास होते, चंदिगडला ते चौथाईच्या आसपास निघाले. आपल्या घरांत सोसण्याची ताकद आहे, माणसाला चुलीपाशी जागा आहे, हे त्यातून दिसले. पण ज्या घरात शत्रुत्वाने बोलणे होते, तेथे आजार आपल्याकडेही उलटला.

हे वाचल्यावर मला तो बांध आठवला. त्या बापाला ओरडायला मीच सांगितले होते.

मग बोलायचे कसे? उदाहरण देतो. मुलगा म्हणतो, "भिंतीतून माझ्याविषयी बोलतात." आपण म्हणतो, "मूर्खा, भिंत कधी बोलते का?" त्याला आवाज खरेच ऐकू येत असतात. वाद घालून ते थांबत नाहीत. आणि "हो, मलाही ऐकू येतं" असे खोटेही म्हणू नये. म्हणावे, "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतो हे दिसतंय. चल, अंगणात बसू." काम सांगताना एकदम "सगळा खळा झाडून काढ" असे सांगू नये. "ही एवढी पाटी तिकडं ठेव" असे सांगावे. झाले की "बरं झालं, माझा हेलपाटा वाचला" म्हणावे. मुका बसला तर बसू द्यावे. आजाराने उमेदच आटते. तो आळस नव्हे.

गावाचा हात

घराइतकेच गावाचेही काम आहे. सातारा जिल्हा, गोवा आणि तामिळनाडू या तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना डॉक्टरांच्या उपचाराबरोबर गावातल्याच, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांच्या घरभेटी मिळाल्या, काहींना फक्त डॉक्टरांचे उपचार. घरभेटी मिळालेल्यांचा आजार आणि त्यातून येणारे परावलंबित्व थोडे अधिक कमी झाले. फरक फार मोठा नव्हता, हेही सांगायला हवे. पण हे कार्यकर्ते पदवीधर डॉक्टर नव्हते, आपल्यासारखीच साधी माणसे होती.

दुसरे उदाहरण विदर्भातले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत नैराश्यावर काम झाले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलायला सुरुवात केली. दीड वर्षाने मोजणी केली तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे शंभरात चार होते ते सत्तावीस झाले. आत्महत्येचे विचार येणारेही शंभरात पाचावरून अडीचांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

यातून शिकायचे ते एवढेच, की लोक उपचार घेत नाहीत ते बहुधा कोणी विचारत नाही आणि रस्ता दाखवत नाही म्हणून. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झाले. त्यात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कोठला ना कोठला मानसिक आजार आढळला आणि बहुतेक जण उपचारांविना होते. आपल्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात हे गणित मांडून पाहा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक दुःख हा आजार नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसांचा ठावही लागला नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना झोप न येणे, पावसाचा आवाज ऐकून दचकणे, रडणे हे साहजिकच आहे. त्यांना कोणी वेडे समजू नये आणि "विसरून जा आता" असेही म्हणू नये. सोबत बसावे, जेवायला बोलवावे. मात्र महिनोन्महिने माणूस उठतच नसेल, खात नसेल, दारूत बुडत असेल किंवा "मी तरी कशाला राहिलो" असे बोलत असेल, तर मग त्याला उपचार हवेत.

तो मुलगा परत आला

आता मूळ गोष्ट पुरी करतो. चौदा महिन्यांनी त्या घरी परराज्यातल्या एका संस्थेकडून निरोप आला, आणि पाठोपाठ संस्थेच्या माणसाबरोबर मुलगा आला. सावरलेला, अंगावर स्वच्छ सदरा, पिशवीत दोन महिन्यांच्या गोळ्या. आईने ओवाळले. मी भेटायला गेलो तर तो मला म्हणाला, "साहेब, चहा घेऊन जा."

सहा-सात महिने बरे गेले. मग लावणी आली. गोळ्या संपल्या. आणायला कोण जाणार? आईच्या पायांना चिखल, बाप नांगरावर. त्यात शेजारचे एक वडीलधारे म्हणाले, "बरा झालाय की आता, कशाला पोराच्या पोटात विष घालता?" गोळ्या बंद झाल्या. पंधरा दिवस काहीच झाले नाही, तेव्हा सगळ्यांना वाटले की खरेच गरज नव्हती. महिन्याभराने तो पुन्हा जागू लागला, ताट ढकलू लागला.

या वेळी मात्र मी गाडीवरून उतरलो. आशाताईंना बोलावले, त्यांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गाठले, आणि त्यांच्या चिठ्ठीवर मुलाला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेले. आईचा एकच प्रश्न होता, "दर पावसाळ्यात असंच होणार का?" तेव्हा गावातल्या चार बायकांनी मिळून तोड काढली. लावणी ते कापणीपर्यंत प्रत्येक महिन्याला ज्या घरचे माणूस तालुक्याला जाईल, त्याने गोळ्या आणायच्या. कोणाची पाळी ते आशाताईंच्या वहीत. लावणीला आपण एकमेकांच्या शेतात जातो, त्यातलाच हा प्रकार.

आज तो पूर्वीसारखा आहे, असे मी म्हणणार नाही. कारखान्यात पुन्हा गेला नाही. फार माणसे जमली की उठून जातो. पण दोन गुंठ्यांत भाजी करतो, वालाची बेणणी करतो आणि गणपतीत टाळ घेऊन बसतो. एवढ्यासाठीही ते घर गावाचे उपकार मानते.

आपण काय करावे

एक. सलग दोन आठवडे झोप उडणे, एकटे बोलणे, विनाकारण संशय, अंघोळ-जेवण सोडणे, कामातून आणि माणसांतून मन उडणे, किंवा "जगून काय उपयोग" असे बोलणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. जितका लवकर उपचार तितका चांगला गुण, हे पिकाइतकेच माणसालाही लागू आहे.

दोन. आधी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना सांगा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालापासून देशात सुरू आहे. त्याखाली मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या दिवशी कोठे भेटतात, हे आरोग्य केंद्रात, चौकच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. शिवाय १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आपले नाव गावात होईल अशी भीती वाटते त्यांनी आधी येथे बोलावे.

तीन. औषध एकदम बंद करू नका. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि गुण आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावे लागते. हात थरथरणे, अंग ताठणे, फार झोप येणे, वजन वाढणे असे काही झाले तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देतात. रोज गोळी चुकत असेल तर महिन्यातून एकदा घेण्याचे इंजेक्शनही असते, त्याविषयी विचारा.

चार. लग्न हा उपाय नव्हे. आजार लपवून लग्न केले तर एका घराऐवजी दोन घरे दुःखात पडतात. हे मी स्वतः चुकीचे सांगितले होते, म्हणून मुद्दाम लिहितो.

पाच. देवाला नमस्कार जरूर करा, गावदेवीला नारळ द्या, मनाला धीर येतो. पण भगताने चाबूक मारणे, धुरी देणे, उपाशी ठेवणे चालू देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मना आहे. भगत जाणता असेल तर त्यालाच विनंती करा, "बाबा, तुम्हीच याला दवाखान्यात जायला सांगा." त्याचा शब्द गाव ऐकते.

सहा. फवारणीचे औषध घरात खाटेखाली, फडताळात ठेवू नका. पेटीत घाला, कुलूप लावा, आणि घरात कोणी खचलेले असेल तर पेटी किंवा किल्ली काही दिवस विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्या. तामिळनाडूत काही गावांनी सगळ्यांच्या औषधांसाठी एकच सामाईक कुलूपबंद कोठी करून पाहिली. त्या गावांत विष घेण्याचे प्रकार कमी झाले. मरणाचा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी डबा नसेल तर माणूस वाचतो. कोणी औषध घेतलेच, तर पोलीस केसच्या भीतीने वेळ दवडू नका. अशा माणसाला शिक्षा नको, आधार हवा, हे २०१७ च्या कायद्यानेच म्हटले आहे. औषधाचा डबा बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

सात. सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा द्या. जावेने, नणंदेने, शेजारणीने तेवढा वेळ बसावे. तिला बाजाराला जाऊ द्या, भजनाला जाऊ द्या, नुसते झोपू द्या.

आणि शेवटचे. रस्त्यात, स्टेशनावर असा एखादा माणूस दिसला तर दगड मारणाऱ्या पोरांना आवरा. भाकरी-पाणी द्या. पोलिसांना कळवा. अशा माणसाला संरक्षण देण्याची जबाबदारी कायद्याने पोलीस ठाण्यावर टाकली आहे. त्याच्या घरी कोणीतरी नैवेद्याचे ताट झाकून ठेवले असेल.

बंधूंनो, पान करपले तर आपण शरमत नाही. तोडून घेतो आणि जाणत्याला दाखवतो. लावणीला वेळ आहे. तोवर आपल्या वाडीत, आपल्या आळीत कोणाच्या घरचा माणूस बरेच दिवस बाहेर दिसला नाही, एवढे आठवून पाहा. आणि आजच संध्याकाळी त्या घरी जाऊन बसा. बोलायचे काय, असा प्रश्न पडला तर चहा मागा.